मुलासाठी बोलणारा बाप

(वाचन : मार्क ९:१४-२९)



शुभवर्तमानातील या मुलाला फेफरे येते, बोलता येत नाही. बाप त्याला शिष्यांकडे नेतो. त्यांना जमत नाही. शास्त्री वाद घालत बसतात आणि मुलगा बाजूलाच राहतो. पण बाप घरी परतत नाही. तो गर्दीतून पुढे होऊन येशूशी बोलतो.

हे कधीपासून होत आहे, असे येशू त्याला विचारतो. बाप बाळपणापासूनची सगळी हकिगत सांगतो आणि प्रभू ती ऐकून घेतो. ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही, त्याच्या वतीने आईबापाने बोलायचे असते.

आपल्या धर्मग्रामातही उशिरा बोलणारी, वाचताना अक्षरांत अडखळणारी, एका जागी न बसणारी मुले आहेत. त्यांना ‘ढ’ म्हटले जाते. कुठे नजर काढली जाते, कुठे मुलाला पाहुण्यांसमोर आणत नाहीत. शाळेत काही मागायचे तर आई संकोचते. उपकार मागतो आहोत असे तिला वाटते.

ज्याचे जे देणे आहे ते त्याला देणे म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. सर्वांना सारखाच वेळ दिला की न्याय झाला, असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा (२०१६) हेच सांगतो. सरकारमान्य शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा. त्यात आपल्या मिशनरी शाळाही आल्या. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींची तरतूद आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

पालकांनी काय करावे?

१. मुलाला काय जमते, कुठे अडते, हे तारखेसह वहीत लिहावे.

२. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. सरकारी रुग्णालयातून तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे. दहावीपर्यंत थांबू नये.

३. शाळेला मागणी लेखी द्यावी, पोच घ्यावी.

४. बोलणे नम्र असावे, पण ठाम. सोबत कोणीतरी न्यावे. दाद मिळाली नाही तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

हाच हक्क चर्चमध्येही मागा. मुलाच्या कुवतीप्रमाणे त्याला धर्मशिक्षण मिळेल हे पाहणे धर्मगुरूचे कर्तव्य आहे, असे चर्चचा कायदा (कलम ७७७) सांगतो. प्रथम कम्युनियनच्या वर्गाला ‘आमचा कसा येणार?’ म्हणून मुलाला घरी ठेवू नका. मला येऊन भेटा. शेजारच्या बाकावरील मूल मिस्सात मोठ्याने ओरडले, तर वळून पाहू नका.

त्या बापाचा विश्वास पूर्ण नव्हता. तसे त्याने प्रभूला सांगितले आणि मदत मागितली. मुलगा उठून उभा राहिला. तुमचाही धीर कधी खचेल. तेव्हा तेच करा.

प्रभू तुमच्या कुटुंबांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू