कूस बदलताना

गेल्या वर्षी चैत्रात आईच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. दवाखान्यातून संभाजीनगरच्या सिडकोतल्या घरी आणली तेव्हा नातेवाईक, शेजारी सगळ्यांचं एकच, "आता तिला आराम पडू द्या." मीही तेच धरून बसले. व्यायामाचं पुढे बघू म्हटलं. गुडघ्यांखाली उशी दिली की तिचा चेहरा सैल व्हायचा, म्हणून ती उशी कायमचीच राहिली. रात्री कूलरचा गारठा लागू नये म्हणून पायांवर जाड वाकळ. आई दिवस-दिवस उताणी पडून असायची. कण्हत नाही, म्हणजे दुखत नसावं, असं मी समजत होते.

पाचव्या आठवड्यात अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. कुणीतरी मालीश सांगितली. मी खोबरेल घेऊन तो डाग चांगला चोळला. चौथ्या दिवशी तिथली कातडी सोलून निघाली. ती जखम भरायला तीन महिने लागले.

मग फिजिओथेरपिस्ट ताई घरी येऊ लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी व्यायाम घेतलाच नाही, नुसती खाट बघितली. "मी अर्धा तास येणार. बाकीचे साडेतेवीस तास आईचं अंग तुमच्या उशाच घडवणार," म्हणाल्या. वाकळीच्या भाराने उजवा पंजा खाली ढकलला जाऊन टाचेची शीर आखडली होती. उशीमुळे गुडघा सरळ होईना. आणि तिला वर सरकवताना मी नि भाऊ तिच्या हाताला धरून ओढत होतो. लुळ्या खांद्याला धरून ठेवणारे स्नायूच सैल पडलेले असतात. तिचा खांदा खोबणीतून खाली उतरला होता. ताईंनी माझं बोट तिथल्या खाचेत ठेवून दाखवलं. ते अजून आठवतं.

म्हणून ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना कळकळीने सांगते, हाताला धरून कधीही ओढू नका. कमरेखाली दुमडलेली चादर घाला आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी उचलून सरकवा. कूस दर दोन तासांनी बदला. पण पूर्ण आडवी कूस नको, सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे गोधडीची वळकटी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवा, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी द्या. लुळा हात उशीवर, पुढे घेतलेला असावा. उताणं असताना पिंढरीखाली पातळ उशी अशी ठेवा की टाच गादीला टेकणार नाही. आम्ही कालनिर्णयच्या मागे दुधाच्या हिशेबाशेजारी वेळा लिहितो; कोणी कूस बदलली तेही लिहितो, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बदलली.

हवेची गादी भाड्याने मिळते, जरूर आणा. मात्र तिच्यावर झोपवलं म्हणून कूस बदलणं टळत नाही, आणि लाइट गेली की ती बसते. मधे भोक असलेली रबरी रिंग टाळा, तिच्या कडेवर दाब येऊन रक्त अडतं. लाल डाग दिसला तर चोळू नका. बोटाने दाबून सोडा. क्षणभर फिका न पडता लालच राहिला तर तिथला भार लगेच काढा आणि डॉक्टरांना दाखवा. सावळ्या कातडीवर रंग कळत नाही, तिथे हात फिरवून ऊब आणि कडकपणा बघायचा.

आपल्या संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि नळाला रोज पाणी नाही. घामाने भिजलेली चादर कातडीला फार लवकर खाते. मी पाण्याचं एक पिंप फक्त आईच्या चादरींसाठी राखते. रेक्झिन खाली असलंच तर वर जाड सुती कापड हवं, सुरकुती नसलेलं.

हाताबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तो आम्हाला सर्वांत उशिरा कळला. मूठ आवळत गेली, नखं तळव्यात रुतली, आत ओलसर वास येऊ लागला. मी बोटं एकेक करून ताणायची आणि मूठ आणखी घट्ट व्हायची. ताईंनी मनगट आधी हळूच खाली वाकवलं, आणि बोटं आपोआप सैल पडली. तशी उघडून धुते, कोरडी करते, मऊ सुती कापडाची गुंडाळी देते. भेटायला येणारे प्रेमाने रबरी चेंडू आणतात. आवळलेल्या मुठीला आवळायला आणखी काही देऊ नये, असं ताईंनी बजावलंय.

जेवण कधीही आडवं नको. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, आणि नंतर अर्धा तास बसवूनच ठेवायचं. ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा. खुर्चीत बसवताना कंबर अगदी मागे टेकवा आणि पाय लोंबू देऊ नका. आमच्याकडे देवघरातला जुना पाट पायांखाली आला. चाकांची खुर्ची घेताना बसायची रुंदी मापून घ्या. मोठी खुर्ची सोयीची वाटते, पण माणूस तिच्यात एका अंगाला कलतो. बाहेर उपचारांचा खर्च झेपत नसेल तर घाटी या सरकारी रुग्णालयात दाखवा. अपंगत्व ४० टक्के वा जास्त असेल तर प्रमाणपत्र काढून ठेवा, केंद्राच्या एडिप योजनेतून साधनं मिळू शकतात.

आई अजून बोलत नाही. टाच बरीच सैल झाली आहे, गुडघा पूर्ण सरळ होत नाही. रात्री दोनचा गजर मी लावतेच. पण हल्ली कधी कधी त्याच्या आधीच ती डाव्या हाताने खाटेच्या लोखंडी पट्टीवर दोनदा टकटक करते. मी उठते, वळकटी काढून दुसऱ्या बाजूला लावते.