पाकिस्तानवर दावा लावता येईल का?

प्रश्न : माझे चुलते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गावी यायला निघाले होते. कल्याणची लोकल पकडायला सीएसटीवर उभे असताना त्यांच्या पायाला दहशतवाद्यांची गोळी लागली. ते आजही लंगडतात. अमेरिकेत म्हणे लोक परक्या देशांवर दावे लावून भरपाई घेतात. आम्हाला जुन्नरच्या कोर्टात पाकिस्तानवर दावा लावता येईल का?
– एक वाचक, राजुरी (ता. जुन्नर)

उत्तर : जुन्नरला नाही, इजा मुंबईत झाली, म्हणून दावाही तिथलाच. पण मुंबईतही तो उभा राहणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६ नुसार परक्या राष्ट्रावर दावा लावायला केंद्र सरकारची लेखी संमती लागते. ती कधी देता येते तेही ठरलेले आहे : त्या राष्ट्राने आधी तुमच्यावर दावा केला असेल, कोर्टाच्या हद्दीत ते व्यापार करत असेल, वाद तिथल्या त्याच्या स्थावर मिळकतीचा असेल किंवा त्याने दाव्यापासूनचे आपले संरक्षण सोडले असेल. दहशतवादाचा त्यात उल्लेख नाही. गंमत पाहा, चुलते पाकिस्तानच्या इमारतीत भाडेकरू असते, तर घरमालक म्हणून त्याच्यावर दावा लावायला संमतीही लागली नसती!

संमती नाकारण्याआधी सरकारने तुमचे म्हणणे ऐकले पाहिजे, एवढा आधार कलमात आहे. अल्जीरियाच्या वकिलातीकडे दुरुस्तीच्या कामाचे पैसे थकले, तेव्हा १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारला फेरविचार करायला लावला होता. पण तो थकलेल्या बिलाचा वाद होता. शिवाय तुमच्या बाबतीत दाव्याची मुदत कधीच उलटली आहे.

आता अमेरिका. तिथे असा दावा चालतो तो मुख्यतः सरकारनेच दहशतवादाचे पाठीराखे ठरवलेल्या इराणसारख्या देशांवर. पाकिस्तान त्या यादीत नाही. २०१६ च्या कायद्याने यादीबाहेरच्या देशांवरही वाट उघडली, पण हानी अमेरिकेच्या भूमीवर झाली असेल तरच. याच हल्ल्यातल्या नरिमन हाउसमधल्या मृतांच्या नातेवाइकांनी २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात लष्कर-ए-तैयबाबरोबर आयएसआय या पाकिस्तानी गुप्तचर संस्थेलाही प्रतिवादी केले होते. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेच्याच परराष्ट्र खात्याने कोर्टाला कळवले की आयएसआयला संरक्षण आहे. २०१३ मध्ये तिच्यावरचा दावा निकाली निघाला, २०१४ मध्ये अपीलही फेटाळले गेले. माझ्या मते असल्या खटल्यांचा निकाल कोर्टापेक्षा परराष्ट्र खात्यातच लागतो. लॉकरबी विमानस्फोटात लिबिया २७० मृतांसाठी २.७ अब्ज डॉलर द्यायला कबूल झाला, तोही निर्बंध उठवून हवे होते म्हणून.

तुम्ही पाहायची ती आपल्याच सरकारची योजना. दहशतवादी हल्ल्यात मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास केंद्राकडून मदत मिळते. २००८ मध्ये ती ३ लाख होती, २०१६ पासून ५ लाख झाली. चुलत्यांचे नाव तेव्हाच्या जखमींच्या यादीत होते का आणि काही रक्कम मंजूर झाली होती का, हे मुंबई शहर जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकारात विचारा. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसेल तर आधी ते काढा आणि अर्ज लिहायला तालुका विधी सेवा समितीची मदत मागा.