भौमितिक चित्रांच्या फ्रेमा : हक्क, माप आणि सचोटी

केवळ चौकोन, रेषा व वर्तुळे यांवर उभ्या असलेल्या चित्रांच्या छापील प्रती घरांत, दवाखान्यांत, कार्यालयांत लावल्या जातात. माणसाची वा प्राण्याची आकृती नसल्याने आपल्या घरांतही त्या सहज चालतात. फ्रेमकाम करणाऱ्या बंधूंनी या मालाबाबत तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात, असे आम्हाला वाटते.

पहिली गोष्ट हक्काची. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे राहतो. डच चित्रकार पिएट मोंड्रियान १९४४ साली वारले. त्यांची मुदत येथे २००४ अखेर संपली. परंतु ‘बिंदू’ चित्रांनी गाजलेले सय्यद हैदर रझा २०१६ साली वारले. त्यांचा हक्क २०७६ अखेरपर्यंत आहे. धंद्यासाठी विनापरवाना प्रती काढणे वा विकणे हा गुन्हा असून किमान ६ महिने कैद व ५० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. म्हणून घाऊक माल घेताना परवान्याचा कागद मागावा. निर्यात करायची तर त्या देशाची मुदत पाहावी. युरोपीय संघात ती ७० वर्षे आहे.

दुसरी गोष्ट मापाची. मोंड्रियानचे १९३० चे लाल, निळ्या व पिवळ्या रंगांतील प्रसिद्ध चित्र सुमारे ४६ सेंटिमीटर चौरस, म्हणजे १८ इंची आहे. चारी बाजूंना २ इंच माउंट धरल्यास काच २२ इंची लागते. परिघ ८८ इंच भरतो. पण तेवढीच पट्टी घेतली तर काम अडते. १ इंच रुंद पट्टीला ४५ अंशांच्या कापांत आणखी ८ इंच जातात. म्हणजे ८ फूट, आणि करवतीच्या घासासह साडेआठ फूट धरूनच भाव सांगावा. निसर्गचित्रात सूतभर तिरपेपणा लपतो. येथे काळी रेघ फ्रेमला समांतर नसेल तर गिऱ्हाईक दारातूनच ओळखते. गुण्या लावल्याशिवाय कोपरा जोडू नये. माउंट आम्लरहित घ्यावा, नाहीतर कागद पिवळा पडतो.

तिसरी गोष्ट सचोटीची. बिलावर ‘छापील प्रत’ असे स्पष्ट लिहावे. कागद व शाईचा प्रकारही नोंदवावा. उन्हात रंग उडतो, हे विकतानाच सांगावे. त्याने एखादा सौदा मोडेल, पण तक्रार घेऊन कोणी परत येणार नाही. ज्या दुकानाच्या शब्दावर विश्वास बसतो, तेथेच कार्यालयांची एकगठ्ठा कामे येतात.