पॅकेटवर 'रीजनरेटिव्ह' लिहिण्याआधी दोन वह्या तपासा : मातीची आणि पैशाची

आपल्या इंदिरानगरात स्वतःचा तांदूळ-डाळींचा ब्रँड काढायचा विचार करणारे बरेच जण आहेत. पॅकेटवर 'रीजनरेटिव्ह', म्हणजे जमिनीचा कस परत आणणाऱ्या शेतीतलं, असं लिहायचं असतं. लिहा की! पण ग्राहकाने विचारलं, "म्हणजे नक्की काय केलं?", तर उत्तर तयार हवं.

आधी एक उदाहरण समजून घ्या

रायगड जिल्ह्यात नेरळला सगुणा बाग आहे. तिथे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र, म्हणजे एसआरटी, विकसित केलं. गादीवाफे एकदा करायचे आणि तेच पुढे वापरायचे. नांगरणी, चिखलणी, लावणी बंद. बी टोकायचं आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. आपल्याकडे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ हा भाताचा पट्टा, त्यामुळे ही पद्धत आपल्या कामाची.

वही पहिली : माती

शेतकऱ्याकडे मृदा आरोग्य पत्रिका मागा. त्यात 'सेंद्रिय कर्ब' बघा. ०.५ टक्क्यांपेक्षा कमी म्हणजे कमीच. एका वर्षाच्या आकड्यावर जाऊ नका, त्याच शेताचे दोन-तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा. दुसरं, पाणी. भातात सतत पाणी साचलं की मातीला हवा मिळत नाही आणि मिथेन वायू तयार होतो. म्हणून पाणी किती दिवस उभं होतं, तेही लिहून घ्या.

वही दुसरी : पैसा

एकरी उत्पादन विचारून थांबू नका, एकरी शिल्लक विचारा. पोती थोडी कमी आली, पण चिखलणी आणि लावणीची मजुरी वाचली, तर हातात जास्त राहू शकतं.

आता तुमचा हिशोब. समजा, तुम्ही किलोला २० रुपये जास्त लावले. पॅकिंगला ६ आणि वाहतुकीला ३ गेले. शेतकऱ्याला २ जास्त दिले, तर तुमच्याकडे ९ राहिले. मग कस मातीचा वाढला की आपल्या गल्ल्याचा? तेच शेतकऱ्याला ६ दिले तर तुम्हाला ५ उरतात, आणि १,००० किलोमागे त्याच्या घरात २,००० ऐवजी ६,००० जादा जातात. पद्धत बदलण्याची जोखीम तो घेतो. म्हणून भाव पेरणीआधी ठरवा आणि लेखी ठरवा.

एक सावधगिरी

रीजनरेटिव्ह म्हणजे सेंद्रिय नव्हे. एसआरटीत तणनाशक वापरलं जातं, त्यामुळे ते विचारूनच घ्या. पॅकेटवर 'सेंद्रिय' छापायचं असेल तर एनपीओपी किंवा पीजीएस-इंडियाचं प्रमाणपत्र लागतं.

या आठवड्याचा गृहपाठ

एकच शेतकरी निवडा. दोन वह्यांची दोन पानं भरा. दोन्ही पानांवर आकडे असतील तरच पॅकेट छापायला टाका. एक जरी कोरं राहिलं, तर सध्या फक्त गावाचं नाव आणि भाताचा वाण छापा. तेवढं खरं असलं तरी गिऱ्हाईक परत येतं.