निघण्याआधीचं एक पान

आमच्या कॉलेजातून चौदा विद्यार्थी आणि दोन शिक्षक असे सोळा जण नऊ दिवसांसाठी इंग्लंडला चाललो आहोत. बेळगावातून रात्रीची बस, सकाळी मुंबई, मग विमान. लंडन आणि ऑक्सफर्ड. मंडळाच्या बैठकीत मी मोठ्या उत्साहात म्हटलं, "परत आले की प्रवासवर्णन देते." सर म्हणाले, "परत आल्यावर सगळेच लिहितात. तू निघण्यावर लिही. प्रवासवर्णनाची पहिली पानं कोणी नीट वाचतच नाही."

खरं आहे ते. पासपोर्ट, बॅगा, निरोप द्यायला आलेले नातेवाईक, खिडकीची सीट... ही पानं आपण भराभर उलटतो. म्हणून या वेळी मी मुद्दाम तीन प्रस्थानं निवडून अभ्यासली. योगायोग असा, की तिन्ही एप्रिल महिन्यातली आहेत. अभ्यासातून जे सापडलं ते आधीच सांगते. तिन्ही वेळा बोलणं कोणाशी तरी होतं, आणि तो कोणीतरी मागे राहिलेला होता.

१. लिस्बन, एप्रिल १५७९

'ख्रिस्तपुराण'कार फादर थॉमस स्टीफन्स आपल्याला अभ्यासक्रमातून माहीत आहेत. हे जन्माने इंग्रज. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला पोचले. म्हणजे साडेसहा महिने पाण्यावर. पोचल्यावर सतराच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्यांनी इंग्लंडमधल्या वडिलांना पत्र लिहिलं. रिचर्ड हॅक्लुइट यांच्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात ते पुढे छापलं गेलं, म्हणून आज आपल्याला वाचता येतं.

या पत्रात निघण्याचा सोहळा फार थोडक्यात येतो. कर्णे वाजले, तोफा झाडल्या, हे काय सांगायला हवं, असा एकूण सूर. पाच जहाजांचा ताफा निघाला. त्यानंतर मात्र लेखक वाटेवर रमतो. वारा कुठून होता, दिशा कशी ओळखतात, कोणते पक्षी दिसले, जहाजावरच्या आजारात माणसाचं काय होतं, हे सगळं सविस्तर. कारण उघड आहे. वडिलांना तोफांशी काय देणंघेणं? मुलगा कुठून कुठे गेला आणि धड आहे ना, एवढंच त्यांना हवं असणार.

यातून मी एक शिकले: थाट एका वाक्यात आटपावा, वाट नीट सांगावी. आपण नेमकं उलट करतो. विमानतळावरचे फोटो चाळीस आणि पुढचं सगळं "खूप मजा आली" एवढ्यात.

२. श्रीरामपूर, १८८३

हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातलं नव्हे, कलकत्त्याजवळचं. विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापलं गेलं ते याच गावात. तिथल्या मिशनरी कॉलेजच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाई जोशी भाषणाला उभ्या राहिल्या. वय सतरा, म्हणजे माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. ७ एप्रिलला त्या बोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा नुकतं अठरावं पूर्ण झालं होतं.

भाषण इंग्रजीत होतं. मला त्याची मांडणी फार आवडली. लोक पाठीमागे जे बोलत होते, त्याचे सहा प्रश्न करून त्यांनी ते स्वतःच सभेसमोर ठेवले. अमेरिकेला कशासाठी? इथे शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर वाळीत नाही का टाकणार? काही संकट आलं तर? आणि आजवर कोणत्या बाईने जे केलं नाही ते हिनेच का करायचं?

मग एकेकाला उत्तर. इथल्या बायकांना बाई डॉक्टर हवी आहे आणि ती व्हायला मी तयार आहे, हा पहिल्या उत्तराचा गाभा. आपण हिंदू म्हणून जातो आहोत आणि हिंदू म्हणूनच परत येणार, हेही त्यांनी ख्रिस्ती कॉलेजच्या त्या सभागृहात स्पष्ट सांगितलं. आपल्यासारख्या कॉलेजात शिकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं. पाहुण्यांचं घर आहे म्हणून त्यांनी शब्द मऊ केले नाहीत.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. १८८६ मध्ये पदवी मिळाली, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात मृत्यू आला. पण शेवट माहीत असल्यामुळे आपण हे भाषण हळहळत वाचतो. तसं न वाचता, उत्तर द्यायला उभी राहिलेली एक मुलगी म्हणून वाचून बघा.

३. मुंबई, १८८३

त्याच एप्रिलमध्ये पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. सोबत दोन वर्षांची मनोरमा. 'इंग्लंडचा प्रवास' हे त्यांचं लेखन त्याच वर्षी प्रसिद्ध झालं, आणि तेही मुळात पत्रच आहे. प्रवासाच्या खर्चाला त्यांच्या 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाचे पैसे उपयोगी पडले. तिकीट कोणाच्या पैशाने काढलं, हा प्रश्न आनंदीबाईंच्या यादीत नाही. रमाबाईंमुळे मी तो सातवा म्हणून जोडते. माझ्या तिकिटाचे पैसे पप्पांनी सोसायटीतून कर्ज काढून भरले आहेत. ते मी आजवर ग्रुपमध्ये कोणाला सांगितलं नव्हतं.

'आम्ही'ची सोय

या तिघांच्या आणि आमच्या निघण्यात एक मोठा फरक आहे. आम्ही ग्रुपने चाललो आहोत. ग्रुपमध्ये धीर असतो, खर्च कमी होतो, घरचे लवकर हो म्हणतात. पण 'आम्ही' म्हटलं की 'मी'ला कोणी काही विचारत नाही. व्हिसाच्या अर्जात प्रवासाचं कारण विचारलं होतं. आम्ही चौदाही जणांनी एकच शब्द भरला: पर्यटन.

मला विचारलं ते माझ्या मैत्रिणीने, आणि ती येत नाहीये.

खरं तर ही कल्पना तिची. 'ख्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं, पण त्याची देवनागरीत लिहिलेली एक हस्तलिखित प्रत लंडनला सोआसच्या ग्रंथालयात, मार्सडेन संग्रहात आहे. पहिल्या वर्षाला असताना हे तिनेच शोधून काढलं. "जाऊया की बघायला," म्हणाली, तेव्हा वर्ग हसला होता. दोन वर्षांनी सहल खरंच ठरली, तर तिच्या कागदांवर आडनाव दोन तऱ्हेचं निघालं. जन्मदाखला कन्नडमधून इंग्रजीत आलेला, त्यात शेवटी एक 'ए' जास्त. मराठी शाळेच्या दाखल्यावर तो नाही. आपल्या भागात ही गोष्ट घरोघरी आहे. एका अक्षरासाठी ती आणि तिची आई चार महिने हेलपाटे घालत होत्या. पासपोर्ट हातात आला तोवर व्हिसाची तारीख गेली होती.

मी भेटायला गेले तर तीच मला म्हणाली, "जाऊ दे गं, तू बघून ये." मग थोड्या वेळाने, "पण खरं सांग, तू कशाला चाललीस? मला त्या पोथीसाठी जायचं होतं. तुझं काय?"

मी म्हटलं, "सगळे चाललेत ना."

ती काही बोलली नाही. घरी येऊन मी श्रीरामपूरचं भाषण पुन्हा उघडलं. हा लेख तिथून सुरू झाला.

अभ्यासासाठी

मित्रमैत्रिणींनो, उद्या तुमच्यापैकी कोणी सहलीला, शिकायला किंवा नोकरीला बाहेर निघाल, तर निघण्याआधी एक पान लिहा. एवढं पाळा:

• वर एका माणसाचं नाव लिहा. तो मागे राहणारा असावा.
• आनंदीबाईंचे सहा प्रश्न स्वतःला लागू करा. लागू न होणारा सोडा, पण पहिला सोडू नका.
• पैसे कुठून आले ते लिहा.
• पहिला परिच्छेद 'मी'ने लिहा. 'आम्ही' नंतर येऊ द्या.
• थाट एका वाक्यात.

माझं पान असं झालं. वर मैत्रिणीचं नाव आहे. खाली लिहिलंय: "तू विचारलंस तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता अर्धं आहे. मी कॅथलिक आहे म्हटल्यावर लोक विचारतात, मग मराठी कसं? आणि बेळगावात राहते म्हटल्यावर विचारतात, मग मराठी कशाला? माझी आजी मात्र रोज रात्री मराठीत प्रार्थना करते आणि तिला कोणी काही विचारत नाही. साहेबाच्या देशातून आलेल्या माणसाने रचलेलं पुराण कोणीतरी बसून आपल्या अक्षरांत उतरवलं. ती अक्षरं मला डोळ्यांनी बघायची आहेत. आधी ही इच्छा तुझी होती. मी ती उसनी घेतली आहे, हेही लिहून ठेवते."

पोथी बघायला मिळेल का, ते अजून नक्की नाही. मॅडमनी ग्रंथालयाला विनंती केली आहे, उत्तर यायचं आहे. नाही मिळाली तर तसंच तिला सांगावं लागेल.

उद्या रात्री साडेनऊची बस. मध्यरात्रीच्या सुमाराला कोल्हापूर लागेल. आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांना १८७८ मध्ये पत्र लिहिलं, ते कोल्हापुरातूनच. तेव्हा जागं राहायचं ठरवलंय. आजी घरीच कपाळावर क्रूस काढून निरोप देणार आहे, कारण तिला गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. सोडायला मैत्रीण येते आहे. कुंदा आणते म्हणाली, सोळा जणांना पुरेल एवढा. पान तिला तिथेच देईन, बस सुटायच्या आधी. म्हणजे तिला काही विचारायचं असलं तर विचारता येईल.