कर्ज हलवण्याआधी जरा बस माझ्यापाशी

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, नोकरी सोडून व्यवसाय सुरू केला त्याला चार महिने झाले, आता गृहकर्ज दुसऱ्या बँकेत नेते. व्याज तरी कमी पडेल." तेव्हापासून तुझाच विचार मनात घोळतोय. अर्ज टाकण्याआधी माझं ऐक, कारण ही घाई मी करून बसलेय.

स्वतःचं ऑफिस थाटल्यावर आठव्या महिन्यात मी एकदम तीन बँकांत अर्ज दिले. कमाई पगारापेक्षा जास्त होती, हप्ता एकदाही चुकला नव्हता. तरी तिन्हीकडून नकार आला. वर प्रत्येक अर्जागणिक सिबिल रिपोर्टमध्ये चौकशीची नोंद झाली आणि स्कोअर उतरला. नोकरी सोडून आपण घरच पणाला लावलं की काय, या धास्तीनं त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तुझ्यावर तशी रात्र येऊ नये, म्हणून आज सगळं सांगतेय.

कर्ज असं दुसऱ्या बँकेत नेणं, म्हणजे बॅलन्स ट्रान्सफर, नव्या बँकेच्या लेखी नवं कर्जच. ती तुझं उत्पन्न पहिल्यापासून तपासणार. पगारदार माणूस सॅलरी स्लिपा आणि फॉर्म १६ पुढे ठेवतो. आपल्याकडे मागतात ते दोन-तीन वर्षांचे आयटीआर, सीएच्या सहीचा ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक, खात्याचे उतारे, शॉप ॲक्ट किंवा उद्यम नोंदणी, जीएसटी असेल तर त्याची रिटर्न्स. चार महिन्यांच्या व्यवसायाकडे हे असणार कुठून? तुझ्या कर्तबगारीवर कुणी शंका घेत नाहीये गं, कागद तयार व्हायला वेळ लागतो एवढंच. आणि कुणी सुचवलं की जुन्या सॅलरी स्लिपा लावून टाक, तर त्या वाटेला मुळीच जाऊ नकोस. ती फसवणूक आहे.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. आधी आपल्याच बँकेत जा. तुझं कर्ज २०१७ चं, म्हणजे एमसीएलआर या बँकेच्या अंतर्गत दराला जोडलेलं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात. जुनं कर्जही त्या दरावर नेता येतं. एकदाच रूपांतर शुल्क भरायचं, आणि सहसा उत्पन्नाची नव्यानं छाननी होत नाही. नवा दर किती पडेल ते मात्र लेखी घे. मला पहिला दिलासा याच वाटेनं मिळाला.

आणि आजपासून दोन वर्षांची तयारी धर. व्यवसायाचं चालू खातं वेगळं काढ, येणारा प्रत्येक रुपया त्यातच येऊ दे. आयटीआर मुदतीत भर. खर्च फुगवून नफा आक्रसून दाखवलास, तर आज कर वाचेल, पण बँक तोच आक्रसलेला नफा धरून तुझी ऐपत मोजेल. खरा आकडा दाखव, बाई. तोच उद्या तुझ्या बाजूनं बोलेल.

कर्ज हलवायची वेळ आली, की नुसत्या हप्त्याकडे बघून भुलू नकोस. समज, ४० लाख बाकी आहेत, १५ वर्षं उरलीत आणि दर ९.२५ टक्के आहे. हप्ता साधारण ४१,१७० रुपये. तीच १५ वर्षं ठेवून दर ८.५ झाला, तर हप्ता ३९,३९० च्या आसपास येतो आणि मुदतभरात सुमारे ३.२ लाख वाचतात. पण मुदत २० वर्षं केलीस, तर हप्ता ३४,७१० वर येतो आणि एकूण फेड मात्र ९ लाखांहून जास्त वाढते. दर कमी होऊनसुद्धा! आपली मिळकत कधी ओली, कधी सुकी. म्हणून लहान हप्ता हवासा वाटतो, ते मी समजू शकते. मुदत वाढवलीसच, तर मोठं बिल वसूल झालं की मुद्दलात भर घालत जा. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जाच्या मुदतपूर्व फेडीवर २०१२ पासून बँका दंड घेऊ शकत नाहीत.

वाचणाऱ्या पैशातून प्रोसेसिंग फी, वकिलाचा आणि मूल्यांकनाचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनचा, म्हणजे गहाणाच्या सरकारी नोंदीचा, खर्च वजा कर. मगच ठरव. कर्ज पूर्ण फिटलं की बँकेला मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यावी लागतात. बँकेमुळे उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते, हेही ध्यानात असू दे.

सगळ्यात आधी सहा हप्त्यांची रक्कम बाजूला काढ. पैसे अडकले, कामं लांबली, तरी हप्ता चुकता कामा नये. चुकण्याची चिन्हं दिसली, तर बँकेच्याही आधी मला फोन कर.

रविवारी ये. मंजुरीपत्र आणि वर्षभराचा कर्जखात्याचा उतारा घेऊन ये. दर बदलून मागायचा अर्ज दोघी मिळून लिहू, आणि सोमवारी तू तो बँकेत देऊन पोच घे.