मुलगा आखातात, सून घरी : पाळणा का लांबतो?



"लग्नाला तीन वर्षे झाली, अजून काही नाही." रायगड-रत्नागिरीच्या गावांत हे वाक्य दबक्या आवाजात बोलले जाते आणि बोलणाऱ्यांचे डोळे सुनेकडे वळतात. मुलगा तेव्हा कुठे असतो? पुष्कळदा दूर आखातात. आपल्या शेजारच्या घरांतली मुले तिकडे आहेत. आपल्या समाजातलीही काही मुले जहाजावर किंवा परदेशी नोकरीवर असतात. अशा घरात सल्ला विचारला जातो तो आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांना. म्हणून हा विषय या वयातही आपल्या कामाचा आहे.

उदाहरणासाठी सौदी अरेबियातले रास अल खैर घेऊ. जुबैलच्या उत्तरेला, समुद्रकाठी वसवलेली ही उद्योगनगरी. खतासाठी लागणाऱ्या फॉस्फेटचे आणि ॲल्युमिनियमचे प्रचंड कारखाने तिथे आहेत. समुद्राचे पाणी गोडे करणारा तिथला प्रकल्प जगातल्या सर्वांत मोठ्या प्रकल्पांपैकी एक आहे. ॲल्युमिनियम काढताना मोठमोठ्या कुंडांतला रस सुमारे ९५० अंश सेल्सिअसला तापलेला असतो. बाहेर उन्हाळाही कडक. म्हणून सौदी सरकारने १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२ ते ३ उघड्या उन्हात काम करण्यास बंदी घातली आहे. अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या तरुणाच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात : एक सुट्टीचा हिशेब आणि दुसरी उष्णता.

आधी सुट्टीचा हिशेब करू.

स्त्रीचे बीज महिन्यातून एकदाच सुटते आणि जेमतेम एक दिवस टिकते. पुरुषाचे शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणजे बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे महिन्यातले सहाच दिवस गर्भ राहण्याचे. पाळी २८ दिवसांची असेल, तर पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून साधारण नववा ते चौदावा दिवस. निरोगी तरुण जोडप्यालाही एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता चारात एक, फार तर.

आता वर्षातून एकदा महिनाभर घरी येणारा मुलगा डोळ्यांसमोर आणा. लग्नाला तीन वर्षे झाली, तरी त्या जोडप्याला संधी मिळाल्या तीन. प्रत्येक संधी चारात एक धरली, तर तीन सुट्ट्यांनंतरही शंभरपैकी ४२ निरोगी जोडप्यांची ओटी रिकामीच राहील. त्यांच्यात दोष कोणाचाच नाही, दिवस कमी पडले एवढेच. सुट्टी नेमकी त्या सहा दिवसांना चुकवून गेली, तर तीही संधी हुकली.

डॉक्टर वंध्यत्व कशाला म्हणतात? जोडप्याने एक वर्ष नियमित एकत्र राहूनही गर्भ राहिला नाही, तर. असे वर्षभर एकत्र राहणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी सुमारे ८५ जणांना त्या वर्षात दिवस जातात. तीन महिन्यांच्या सहवासावर सुनेला नावे ठेवणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

आता उष्णतेचे पाहू.

पुरुषाचे वृषण शरीराबाहेर का असतात? शुक्रजंतू नीट तयार होण्यासाठी शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. ते वाढले की उत्पादन घटते. डेन्मार्कमध्ये धगीजवळ काम करणाऱ्या वेल्डरांची पाहणी झाली, ती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांच्या कामानंतर त्यांच्या वीर्यातल्या नीट आकाराच्या शुक्रजंतूंचे प्रमाण घटले, आणि धगीपासून सुट्टी मिळाल्यावर पुन्हा वाढले. इटलीत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा निरोगी पुरुषांनी तीन महिने, आठवड्यातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटे वाफेची गरम अंघोळ घेतली. त्यांच्या शुक्रजंतूंची संख्या व चाल घटली. पण बंद केल्यावर सहा महिन्यांत सारे पूर्ववत झाले.

दोन्ही पाहण्या लहान आहेत, पण दोन्हींत आशेची गोष्ट एकच : बिघाड कायमचा नव्हता. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. आज घेतलेली काळजी अडीच-तीन महिन्यांनी दिसते. म्हणून विश्रांतीच्या वेळी थंड खोलीत बसणे, सैल सुती कपडे घालणे, कडक गरम पाण्याची अंघोळ टाळणे, लॅपटॉप मांडीवर न ठेवणे हे सुट्टीच्या तीन महिने आधीपासून करावे. अमेरिकेत ६५६ पुरुषांच्या पाहणीत, सैल अंतर्वस्त्रे वापरणाऱ्यांच्या वीर्यात शुक्रजंतूंची दाटी घट्ट वापरणाऱ्यांपेक्षा २५ टक्के जास्त आढळली. तंबाखू सोडणे तर हवेच.

यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठातले डॉ. हगाय लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातले अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये दाखवले की, १९७३ ते २०१८ या काळात एक मिलिलिटर वीर्यातल्या शुक्रजंतूंची सरासरी संख्या सुमारे १० कोटींवरून ४ कोटी ९० लाखांवर आली. आकडा ऐकून घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. पण एक गोष्ट यातून पक्की होते : मूल होत नसेल तर तपासणी दोघांची व्हावी. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणासोबत.

वीर्यतपासणी सोपी आहे. सुई नाही, चिरफाड नाही. आधी दोन ते सात दिवस संबंध टाळावा लागतो. मुलगा सुट्टीवर आला की पहिल्याच आठवड्यात ती करून घ्यावी. अहवाल कमी आला तर एका तपासणीवर निकाल लावू नये. नुकताच मोठा ताप येऊन गेला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा करावी.

ताकदीच्या गोळ्यांविषयीही सांगतो. जस्त आणि फॉलिक ॲसिड पुरुषांना दिल्याने फायदा होतो का, हे अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर तपासले गेले. २०२० मध्ये निकाल आला : वीर्यही सुधारले नाही, बाळांची संख्याही वाढली नाही. शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर शुक्रजंतूंचे उत्पादन जवळजवळ बंद पाडतात. फॉलिक ॲसिडची गोळी सुनेने मात्र गर्भधारणेआधीपासूनच घ्यावी, रोज ४०० मायक्रोग्रॅम. तिच्यामुळे बाळाच्या पाठीच्या कण्याचे काही जन्मजात दोष टळतात.

एवढे करूनही यश आले नाही, तर मार्ग आहेत. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने परीक्षानळीतल्या बाळाचा जन्म झाला, ते अनेकांना आठवत असेल. १९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्रजंतू सुईने स्त्रीबीजात सोडून गर्भ तयार करण्याची पद्धत यशस्वी केल्याचे जाहीर केले. त्यामुळे ज्यांची संख्या फार कमी आहे अशा पुरुषांनाही स्वतःचे मूल होऊ लागले. आखातात जाणाऱ्याला आणखी एक सोय आहे : जाण्याआधी वीर्य उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवता येते आणि त्याच्या लेखी संमतीने, तो दूर असतानाही, उपचारासाठी वापरता येते. २०२१ च्या कायद्यानुसार अशा केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. आधी नोंदणी पाहा, मग पैसे भरा.

वयाचेही भान ठेवा. पस्तिशीनंतर स्त्रीची बीजे झपाट्याने कमी होतात. सून पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांपेक्षा जास्त वाट पाहू नये. "पुढच्या सुट्टीत बघू" म्हणत चार सुट्ट्या गेल्या की उपचारालाही उशीर होतो.

आपण वडीलधाऱ्यांनी काय करावे? मुलाने सुट्टीची तारीख ठरवताना सुनेच्या पाळीच्या तारखा विचाराव्यात, हे त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगा. कंपनी मान्य करत असेल तर एका लांब सुट्टीऐवजी दोन लहान सुट्ट्या घ्याव्यात. संधी दोन होतात. सुट्टीतले ते सहा दिवस पाहुण्यांच्या पंगतीत आणि लग्नांच्या धावपळीत घालवू नका, दोघांना घरी निवांत राहू द्या.

एलियाहू हनाबीला मलिद्याचा नवस बोलणे, खंडाळ्याला जाऊन दर्शन घेणे ही आपली जुनी रीत आहे. ती मनाला धीर देते, जरूर करा. तपासणी कारण सांगते, तीही करा. आणि हन्नाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत : मूल नसल्याच्या दुःखापेक्षा पनिन्नाचे टोमणे तिला जास्त रडवत होते. आपल्या घरातली पनिन्ना आपण होऊ नये, एवढे तर आपल्या हातात आहे.